दोन डोस बांधून द्या

भाऊबीजेसाठी म्हणून गेल्या दिवाळीत बहिणीकडे पाथर्डीला गेलो होतो. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं, अंगठ्याखाली कारीट फोडलं आणि पहिल्याच फराळाला कडबोळ्यानं घात केला. कडकन आवाज आला. कडबोळी खुसखुशीत झालीत असं मेहुण्यांना वाटलं. माझ्या जिभेला मात्र खड्डा लागला. डावीकडच्या खालच्या दाढेवरची टोपी निघून तळहातावर आली होती, आत भाजणीचा लगदा भरलेला.

दंतवैद्याच्या दाराला कुलूप आणि वर कागद चिकटवलेला, दवाखाना भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उघडेल. म्हणजे चार दिवस. दात पडायला, दुखायला, मोडायला वर्षात दिवाळीइतका अडचणीचा काळ नाही. डिंकाचे लाडू, चिक्की, कडक चकल्या नेमक्या तेव्हाच, आणि डॉक्टर गावाला.

मेडिकल मात्र उघडं होतं. बाजारतळाच्या कोपऱ्यावरचं अरुंद दुकान, काउंटरवर धनत्रयोदशीच्या पूजेतले धणे-गूळ अजून वाटीत. दुकानदार पन्नाशीचे, डी. फार्म. करून सत्तावीस वर्षं याच काउंटरमागे. गाव त्यांना शेठ म्हणतं. त्यांनी माझी टोपी ट्यूबलाइटखाली धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ठणकतंय का शिवशिवतंय?"

मी गोळीचं नाव घोकत गेलो होतो. नाव सांगायचं, पत्ता घ्यायचा, पैसे द्यायचे, एवढाच माझा मेडिकलशी आजवरचा व्यवहार. कसं दुखतंय, हे काउंटरवर कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं.

"शिवशिवतंय," मी म्हणालो.

"गार पाण्यानं? आणि पाणी गिळलं की थांबतं?"

"थांबतं."

"मग गोळी कशाला?"

त्यांनी कवळी चिकटवायच्या पेस्टची छोटी ट्यूब दिली. टोपी आतून स्वच्छ धुवायची, ठिपकाभर पेस्ट घालायची, आरशात बघून बसवायची आणि दात हलकेच मिटायचे. रात्री झोपताना काढून डबीत ठेवायची, कारण झोपेत सुटली तर पोटात जाईल, नाहीतर श्वासनळीत. "आणि घरातला झटपट चिकटवायचा डिंक लावू नका. माणसं लावतात. मग डॉक्टरला टोपीबरोबर दातही कोरावा लागतो." पैसे देऊन मी निघणार तेवढ्यात मागून एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "शेठ, दाढंचे दोन डोस बांधून द्या." शेठनी त्यांनाही तेच विचारलं. मी बाजूच्या स्टुलावर बसलो, तो फराळ बहिणीकडे आणि बैठक मेडिकलात, असे चार दिवस काढले.

दुखण्याला मराठीत किती शब्द आहेत हे मोजायला बसलं तर चिवड्याचा डबा संपेल. डोकं भणभणतं, कमरेत उसण भरते, मानेत चमक येते, पायाला रग लागते, गळू ठसठसतं. दाताच्या बाबतीत तर हे शब्द म्हणजे रोगाच्या पायऱ्याच. दातावरचं कवच झिजलं किंवा हिरडी खाली सरकली की आतला थर उघडा पडतो, आणि गार-गोड लागताच दात शिवशिवतो. कीड आणखी खोल गेली की कळ येते. येते आणि जाते. नस सुजली की ठणका. पाय सुजला तर चप्पल सैल करता येते, पण दातातली नस चहूबाजूंनी कठीण भिंती असलेल्या खोलीत बसलेली, तिला सुजायला जागाच नाही. म्हणून नाडीच्या ठोक्यागणिक ठणका, आणि आडवं झालं की डोक्याकडे रक्त वाढून तो आणखी चढतो. दाढ नेमकी रात्रीच का उठते, त्याचं कारण हे. पुढे नस मरते, मुळाशी पू धरतो, आणि वरचा दात नुसता टेकला तरी जीव जातो. ती ठसठस.

शेठचं म्हणणं असं की गिऱ्हाइकानं शब्द नीट वापरला की त्यांचं अर्धं काम होतं. जुनी माणसं वापरतात. तरुण मुलं मोबाइलमधला पत्त्याचा फोटो पुढे करतात.

शिवशिवेवर ते गोळी देतच नाहीत. पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट देतात आणि दोन-तीन आठवडे धीर धरा म्हणतात. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे आपला सोरा. बाहेर लवंगी फटाक्यांच्या दारूत तोच भरलेला होता, हे त्यांनीच हसत सांगितलं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेनऊच्या सुमाराला, धुरानं डोळे चुरचुरत असताना, एकजण मोटारसायकलवरून आला. हातात गार पाण्याची बाटली. घोट घ्यायचा, गालात धरायचा, पाणी कोमट झालं की थुंकायचा, लगेच दुसरा घोट. बोलायला सवड तेवढ्या मधल्या वेळातच, म्हणून दोनच शब्द बोलला, "कडक गोळी."

"गारानं बरं वाटतं?" मान हलली. शेठ माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नस जायला आली." नस सुजण्याच्या शेवटच्या टप्प्यात गरम असह्य होतं आणि गारानं आराम पडतो, दंतवैद्यसुद्धा ही खूण मानतात. मग त्यांनी त्या माणसाच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. दिवाळीच्या दिवसांत ते हे चुकवत नाहीत, कारण पाऊस नुकताच गेलेला, डेंग्यूचे डास असतात. आणि डेंग्यूच्या तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन दिली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मग पोट कसं आहे, अल्सर, दमा, किडनी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि शेवटी, "सकाळपासून काय काय घेतलं?"

त्यानं खिशातून दोन पत्ते काढले. एक पॅरासिटामॉल ६५०चा, त्यातल्या चार गेलेल्या. दुसरा सर्दीच्या गोळ्यांचा, त्यातल्या तीन. शेठनी खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. चार गुणिले ६५० म्हणजे २६००. सर्दीच्या प्रत्येक गोळीत पॅरासिटामॉल ५००, तीन म्हणजे १५००. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४०००. "गोळ्या दोन, औषध एकच," ते म्हणाले. "आणखी घेतलीत तर दाढ राहील बाजूला, लिव्हर धराल." दाढदुखीवर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी जोडगोळी सर्रास चालते, आणि खरंच चांगली चालते; पण त्याला ती चालणार नव्हती. नुसत्या आयबुप्रोफेनच्या तीन गोळ्या कात्रीनं कापून पुडीत घातल्या. जेवणानंतर, आठ तासांनी एक, उद्या डॉक्टर शोधा, हा नंबर. आणि बजावलं, "परवा आपोआप थांबेल. थांबली म्हणजे बरी झाली असं समजू नका."

तो गेल्यावर मी विचारलं, कडक गोळी का नाही दिली? पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळी दाढेवर रामबाण, असं बहिणीच्या गल्लीत सगळ्यांचं मत. शेठनी पत्ता उलटा करून मागची तांबडी रेघ दाखवली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही, अशी ती खूण. केटोरोलॅक पाच दिवसांवर देत नाहीत, पोटातून रक्त जाऊ शकतं. डायक्लोफेनॅकही याच यादीत. "रेघ सगळ्यांनाच दिसते," ते म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही; बाजारपेठेत आणखी पाच मेडिकलं आहेत.

गंमत अशी, की आपण ज्याला सर्रास 'बिनचिठ्ठीचं औषध' म्हणतो, त्याची आपल्या कायद्यात स्वतंत्र यादीच नाही. १९४०चा कायदा आणि १९४५चे नियम चिठ्ठी कुठे लागते ते सांगतात. उरलेलं ते बिनचिठ्ठीचं, असा उलटा हिशेब. घरगुती औषधांचा उल्लेख येतो तो परिशिष्ट 'के'मध्ये, एका कोपऱ्यात. हजाराच्या आतल्या वस्तीच्या खेड्यात काही मोजकी औषधं परवान्याशिवाय विकता येतात. अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, निलगिरी तेल, टिंक्चर आयोडीन. ही यादी वाचली की मला आजोळच्या किराणा दुकानातलं मागचं फडताळच दिसतं.

त्या फडताळात लवंगाच्या तेलाची बाटली असायची, घरी आईच्या देवघराच्या खणात दुसरी. लवंगाच्या तेलात युजेनॉल असतं. ते नस बधिर करतं, जंतूही मारतं. दंतवैद्य जस्ताच्या भस्मात म्हणजे झिंक ऑक्साइडमध्ये तेच कालवून तात्पुरतं सिमेंट करतात. दाताच्या दवाखान्याचा म्हणून जो वास आपल्या छातीत धडकी भरवतो तो बराचसा लवंगेचा. पण तेल वापरायला हात हवा. कापसाचा तांदळाएवढा बोळा, तेलात बुडवून पिळलेला, फक्त खड्ड्यात. आठवीत असताना मी बाटलीच तोंडात उपडी केली होती. दाढ थांबली की नाही आठवत नाही. हिरडी पांढरी पडून तीन दिवस भात गिळत होतो ते आठवतं. लहान मुलाच्या पोटात या तेलाचे दोन-तीन चमचे गेले तर यकृतावर बेतल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा देवघराचा खण ही काही सुरक्षित जागा नव्हे.

अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीत दाबून ठेवणं हा असाच प्रकार. पाडव्याला एक मावशी पदर तोंडाला लावून आल्या. गाल आत ओढून दाखवला तर रुपयाएवढा पांढरा चट्टा. गोळी रात्रभर दाढेपाशी धरली होती. गोळी पोटात गेल्यावर रक्तातून काम करते, दाढेपाशी ती नुसतं आम्ल असते आणि भाजते. शेठनी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, आणि काहीच विकलं नाही. मावशींना ते पटलं नाही. औषध न देता परत पाठवलं म्हणजे आपलं दुखणं मानलंच नाही, असा चेहरा करून गेल्या.

बाकावर टेकलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी मग रिंगणीची धुरी सांगितली. भुईरिंगणीचं बी तेलातुपात माखून निखाऱ्यावर टाकायचं, नळीनं धूर दाढेवर घ्यायचा, खाली पाण्याच्या भांड्यात तोंडातली लाळ पडू द्यायची. पाण्यात पांढऱ्या आळ्या पडतात. "मी पाह्यल्यात," बाबा म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. उष्णतेनं बी तडकतं आणि आतला वळलेला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो; तो आळीसारखाच दिसतो. दातातल्या या किड्याला मानवजातीनं हजारो वर्षं मानलं. बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर त्याची गोष्ट आहे, सुश्रुतसंहितेत 'कृमिदन्तक' नावाचा दंतरोग आहे. फ्रान्सच्या पिएर फोशारनं १७२८च्या आपल्या ग्रंथात किडा नाकारला. मराठीनं अजून नाकारलेला नाही. आपला दात किडतोच, आणि काढून टाकतात ती कीडच.

बायकांच्या बाजूला दुसराच उपाय. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, बोटानं दाताला लावायची. मशेरी, कुठे मिश्री. सुरुवात विचारा, दहातल्या बऱ्याच जणी सांगतील, दाढ दुखत होती. दाढ तेवढ्यापुरती बधिर होते, मग दाढ पडून जाते आणि मशेरी राहते, दिवसातून तीन-चार वेळा. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि पेस्टी बनवायला-विकायला सरकारनं १९९२ मध्ये बंदी केली. तव्यावर कोण बंदी घालणार?

बामाचं कपाट शेठच्या पाठीशीच होतं. अमृतांजन हे मद्रासचं असं मी धरून चाललो होतो. ते मुंबईचं निघालं. काशीनाथुनी नागेश्वरराव या तेलुगू गृहस्थांनी १८९३ मध्ये ते मुंबईत काढलं, गाण्याच्या मैफलींत फुकट वाटून लोकांच्या कपाळी लावलं, आणि त्याच पैशावर १९०८ मध्ये मुंबईतूनच 'आंध्रपत्रिका' सुरू केली. बामांवर बारीक अक्षरांत 'गंधपुरा तेल' असतं. रसायनाच्या भाषेत मिथाइल सॅलिसिलेट, अ‍ॅस्पिरिनचं चुलत भावंड. पुदिन्याचं सत्त्व, म्हणजे मेंथॉल, कातडीला गार लागल्याचा भास देतं, आणि त्या गडबडीत मूळ दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत मंदावतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये या मज्जारज्जूतल्या 'दारा'ची उपपत्ती मांडली. लागलेल्या जागी आई फुंकर घालून चोळते तेव्हा हेच दार ओढून घेते. म्हणून उसण भरल्यावर बाम खराच उपयोगी. फक्त वरून गरम पाण्याची पिशवी नको, कातडी भाजते. गालावर बाम चोळून दाढ थांबत नाही. आणि नुसत्या गंधपुरा तेलाचा एक छोटा चमचा म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या वीसेक गोळ्या, हे ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे कुणीतरी मोठ्यानं सांगायला हवं.

मुका मार लागलेल्यांना शेठ बाम देत नाहीत. पहिले दोन दिवस गार पट्टी, मग घरी असेल तर आंबेहळद-तुरटीचा लेप. "लेपानं निदान पाय हलत नाही," हे त्यांचं समर्थन. मला ते चोख वाटलं.

दिवाळी सरता सरता पाथर्डी रिकामी होऊ लागते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. भाऊबीजेच्या सकाळी एक मुकादम आला, चुलत्यासारखा मोठ्या आवाजाचा. पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळ्या, बाम, चिकटपट्टी, सगळं पत्त्यानं नव्हे, खोक्यानं. कोयता चालवणाऱ्याची कंबर, मोळी डोक्यावर नेणारीची मान. पहाटे चहाबरोबर एक गोळी, दुपारी एक. उपाशीपोटी, उन्हात, पाणी न पिता. त्यानं पोटाला भोक पडतं आणि किडनी सुकते, हे शेठ दर वर्षी सांगतात. मुकादम ऐकून घेतो. उचल घेतलेल्या माणसाला खाडा परवडत नाही, हे दोघांनाही ठाऊक. शेठनी अंगदुखीच्या गोळ्यांची दोन खोकी परत कपाटात ठेवली आणि त्याऐवजी ओआरएसची पाकिटं पुढे सरकवली. थोडी हुज्जत झाली. अर्धी पाकिटं गेली.

जाता जाता मुकादमानं बैलाच्या सुजल्या खांद्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागितलं. हे एक वेगळंच प्रकरण. या औषधावर असताना मेलेलं जनावर खाऊन देशातली गिधाडं किडनी निकामी होऊन मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं, आणि माणसांची मोठी बाटली बैलाला टोचू नये म्हणून २०१५ पासून ती तीन मिलिलिटरच्या एका डोसातच मिळते. शेठनी जनावरांच्या दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि मेलोक्झिकॅम मागा म्हणाले. दाढेच्या गोळीचा भाऊबंद आणि गिधाडं! मी वही काढली तेव्हा मुकादम माझ्याकडे संशयानं बघायला लागला.

दुपारी शांत होतं. साठीचे एक गृहस्थ आले, स्वच्छ धोतर, भाच्यानं गाडीवर आणलेलं. खालचा जबडा दुखतोय, दोन दिवस. कुठली दाढ? नक्की सांगता येईना, दोन्हीकडे, हनुवटीपाशी. शेठनी बोटानं दाखवायला सांगितलं तर त्यांनी पूर्ण पंजा फिरवला. "कधी दुखतं?" "मळ्यातून चढाला लागलो की." "आणि बसल्यावर?" "जातं." शेठचा हात गोळ्यांकडे गेलाच नाही. भाच्याला बाजूला घेऊन म्हणाले, "हे दाताचं नव्हं. आत्ताच्या आत्ता ग्रामीण रुग्णालय, ईसीजी काढायचा. चालवत नेऊ नका." काकांना वाटलं, दिवाळीत हा एवढ्याशा दाढेचा केवढा बाऊ करतोय. गाडी वळली तेव्हा शेठ फोन लावत होते. दाढ चढ-उतार ओळखत नाही, हृदय ओळखतं.

त्याच संध्याकाळी दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा, ओठ फुटलेला, पुढचा वरचा दात जागेवर नाही. किल्ल्यासाठी दगड आणताना पडला होता. वडिलांच्या मुठीत कापूस, कापसात दात. शेठ पहिल्यांदाच ओरडले. "कापूस काढा! किती वेळ झाला?" वीस मिनिटं. शेजारच्या डेअरीतून दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी आली. शेठनी दात मुळाला हात न लावता, पांढऱ्या बाजूनं चिमटीत धरला, दूध एका स्वच्छ डबीत ओतलं, दात आत. घासायचा नाही, पुसायचा नाही. मुळावर जिवंत पेशींचा पातळ थर असतो, तो वाळला की दात पुन्हा रुजत नाही. अर्ध्या-पाऊण तासाचाच खेळ. नळाच्या पाण्यात त्या पेशी फुटतात, दुधात तगतात. दुधाचा दात असता तर परत बसवत नाहीत. हा पक्का होता. दंतवैद्य तिसगावला बहिणीकडे ओवाळून घ्यायला गेलेले. फोनवर सगळं ऐकून कपाळावरच्या कुंकवासकट दवाखाना उघडायला आले. मी डबी धरून मागच्या सीटवर बसलो होतो. दात बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. रुजला की नाही हे सहा महिन्यांनी, कदाचित वर्षानं कळेल, असं ते बापाला सांगत होते. बापाचं लक्ष पोराच्या ओठाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पाळी. टोपी शेठच्या पेस्टीनं चार दिवस टिकली होती. डॉक्टरांनी ती काढली, धुतली, खरं सिमेंट लावून बसवली, कापसावर दात दाबून धरायला सांगितले. तोंड बंद असल्यानं मी वहीतलं पान पुढे केलं. चार दिवसांत शेठनी ज्यांना ज्यांना दवाखान्याचा नंबर लिहून दिला त्यांच्या मी रेघा मारून ठेवल्या होत्या. अकरा झाल्या होत्या. बाटलीवाला त्यात चौथा.

डॉक्टरांनी रेघा मोजल्या, भिंतीवरच्या नोंदवहीकडे पाहिलं.

"माझ्याकडे दोघं आले," ते म्हणाले. "एक तुम्ही."